बालरुग्णाची साक्ष : एका सन्मानावरील आक्षेपांचा प्रतिवाद

बालरुग्णाचे म्हणणे शांतपणे ऐकून घेणाऱ्या, ते डॉक्टरांपर्यंत पोहोचवणाऱ्या आणि प्रसंगी त्यापायी वरिष्ठांची नाराजी ओढवून घेणाऱ्या आरोग्यकर्मींचा स्वतंत्र सन्मान व्हावा, अशी कल्पना कोणी मांडली की तिच्याविरुद्धचा पूर्वपक्ष जवळजवळ तयारच असतो. हे तर त्यांचे कर्तव्यच, त्याचा गौरव कसला. जिथे खाटा, औषधे आणि माणसे पुरत नाहीत तिथे हे चोचले कशाला. मुलाला काय कळते. आईबाप असताना तिसऱ्याने मध्ये का पडावे. आणि अखेर, पुरस्कार म्हणजे शाल, श्रीफळ आणि वर्तमानपत्रातला फोटो, याहून निराळे काय असते? हे पाचही आक्षेप बहुधा एकाच तोंडून एकाच दमात बाहेर पडतात आणि त्यांतला पहिला खरा धरला तर तिसरा टिकत नाही, हे मात्र बोलणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. कारण मुलाला काही कळतच नसेल, तर त्याचे ऐकणे हे कोणाचेही कर्तव्य कसे ठरते?

वादाचा विषय नेमका कोणता, हे आधी ठरवलेले बरे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेचे बारावे कलम असे सांगते की, ज्या मुलाला स्वतःचे मत बनवता येते त्याला आपल्याशी संबंधित प्रत्येक बाबतीत ते मोकळेपणाने मांडण्याचा हक्क आहे आणि त्या मताला मुलाचे वय व परिपक्वता पाहून योग्य ते वजन दिले गेले पाहिजे. भारताने ही संहिता ११ डिसेंबर १९९२ रोजी स्वीकारली. या कलमाने उपचाराचा निर्णय मुलाच्या हाती सोपवलेला नाही. निर्णय घेणाऱ्यांनी मुलाला वगळून तो घेऊ नये, एवढीच त्याची मागणी आहे. तेव्हा ‘उद्या मूल इंजेक्शन नको म्हणाले तर काय करायचे’ असा जो प्रश्न मोठ्या विजयी मुद्रेने विचारला जातो तो या हक्काला लागूच पडत नाही. इंजेक्शन द्यावेच लागेल, पण ते का, कोणत्या हाताला आणि आई जवळ असताना की नसताना, हे त्या मुलाशी बोलून ठरवता येते, आणि तसे ठरवणारी परिचारिका व मुलाचे दोन्ही हात घट्ट धरून सुई टोचणारी परिचारिका यांच्या कामात गुणात्मक फरक आहे.

हा वाद नाशिकमध्ये घालण्याला कारण आहे. राज्यातील वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, होमिओपॅथी, परिचर्या आणि भौतिकोपचार या शाखांची महाविद्यालये ज्याला संलग्न आहेत ते महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशिकमध्ये आहे, आणि राज्यभरातील शासकीय आश्रमशाळा ज्याच्या अखत्यारीत येतात ते आदिवासी विकास आयुक्तालयही नाशिकमध्येच आहे. आरोग्यकर्मी घडवणारी संस्था आणि आईबापांपासून दूर राहणाऱ्या हजारो मुलांची जबाबदारी घेणारी संस्था एकाच शहरात असावी, हा योगायोग असेल. पण त्यामुळे ‘हा विषय आमच्याकडचा नव्हे’ असे म्हणण्याची सोय या शहराला उरत नाही.

कर्तव्याच्या आक्षेपाला फार जागा देण्याचे कारण नाही. केंद्र शासन १९७३ पासून परिचारिकांना फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाने राष्ट्रीय पुरस्कार देत आले आहे, २०१५ पासून ‘कायाकल्प’ योजनेखाली रुग्णालयांना स्वच्छतेसाठी पारितोषिके मिळतात, आणि रुग्णालय स्वच्छ ठेवणे हेही कर्तव्यच आहे. ज्यांनी फरशी पुसण्याच्या गौरवावर कधी हरकत घेतली नाही त्यांना मुलाचे ऐकण्याच्या गौरवापाशीच कर्तव्याची आठवण यावी, यावरून आक्षेपाचे मूळ कर्तव्याच्या कल्पनेत नसून मुलाला दिलेल्या किमतीत आहे हे दिसते.

टंचाईचा आक्षेप मात्र गंभीर आहे, आणि नाशिकमध्ये तो हलक्या आवाजात मांडता येत नाही. ऑगस्ट २०१७ या एका महिन्यात नाशिकच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशू कक्षात ५५ अर्भके दगावल्याची बातमी त्या सप्टेंबरमध्ये देशभर गाजली. अनेक बालके खासगी दवाखान्यांतून अखेरच्या अवस्थेत आणली गेली होती, असे प्रशासनाचे म्हणणे होते, तर कक्षाच्या क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त बालके तिथे ठेवावी लागत होती हेही त्या वेळी पुढे आले. अशा ठिकाणी आधी पोटोबा मग विठोबा, म्हणजे आधी अर्भकाला ऊब देणारा वॉर्मर आणि मग मुलाचा आवाज, असे कोणी म्हटले तर त्याला निर्दय म्हणता येणार नाही. पण या युक्तिवादात एक अदलाबदल गुपचूप होते. बोलता न येणाऱ्या अर्भकाचे दुःख पुढे करून चौदा वर्षांच्या, नीट बोलता येणाऱ्या मुलीला गप्प बसवले जाते. वॉर्मर विकत घ्यावे लागतात, त्यांना निधी, निविदा आणि वीज लागते. मुलीला ‘कुठे दुखते, कधीपासून दुखते, मागच्या वेळी कशाने बरे वाटले’ हे विचारायला यांतले काही लागत नाही. दोन्ही गोष्टी एकाच तिजोरीतून येतात आणि म्हणून एक घेतली तर दुसरी सोडावी लागते, हे गृहीतकच चुकीचे आहे.

शिवाय ऐकणे ही उपचारानंतरची शोभा आहे, ही समजूत रोगनिदानाच्या साध्या अनुभवाशीही जुळत नाही. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे उदाहरण येथे सविस्तर पाहण्याजोगे आहे, कारण १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा भर आदिवासी भागांवर आहे आणि सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबकेश्वर हे नाशिक जिल्ह्यातले तालुके त्याच पट्ट्यात येतात. या आजारात तांबड्या रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या व ताठर होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हातपाय, पाठ, छाती किंवा पोट यांत असह्य वेदनेचा झटका येतो. थंडी, अंगातले पाणी कमी होणे, ताप आणि दमणूक ही त्याची ओळखीची निमित्ते आहेत. या झटक्याचा वैद्यकीय विशेष असा की वेदना मोजणारी कोणतीही रक्ततपासणी नाही. झटका चालू असताना हिमोग्लोबिन रुग्णाच्या नेहमीच्या पातळीइतकेच असू शकते, क्ष-किरण चित्रात काही न दिसण्याची शक्यता असते, आणि अंगावर सूज किंवा जखम असेलच असे नाही. पुरावा एकच असतो, तो म्हणजे मुलाचे बोलणे.

आता हे मूल आश्रमशाळेत आहे, घरी ते कोकणी किंवा वारली बोलते, वर्गात पाठ्यपुस्तकाची मराठी ऐकते, आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओपीडीत त्याच्याशी तिसऱ्याच धाटणीच्या घाईच्या मराठीत बोलले जाते, अशी परिस्थिती डोळ्यांसमोर आणावी. डिसेंबरच्या पहाटे गार पाण्याने अंघोळ करावी लागते म्हणून आपले पाय दुखतात, असे ते सांगू पाहते. ऐकणाऱ्याला हा आळस वाटला तर केस पेपरवर ‘अंगदुखी’ एवढाच शब्द पडतो, दोन गोळ्या मिळतात आणि पाठीमागून ‘नाटके करतो’ असा शेराही मिळतो. ऐकणाऱ्या परिचारिकेने मात्र वेदना शून्य ते दहा या मापावर विचारून लिहिली, लहान मुलांसाठी असते ती चेहऱ्यांची चित्रपट्टी पुढे धरली, आणि अधीक्षकांना निरोप पाठवला की या मुलाला गरम पाणी व रात्री जादा पांघरूण द्यावे, पाण्याची बाटली वर्गात जवळ ठेवू द्यावी, तर तो निरोप ही भूतदया नसून औषधयोजनेइतकाच शास्त्रीय उपचार आहे. अशी परिचारिका अपुऱ्या साधनांच्या दवाखान्यात अधिक मोलाची ठरते, कारण तिथे वेळेवर न ऐकल्याची भरपाई करायला अतिदक्षता विभाग नसतो. टंचाईचा मुद्दा त्यामुळे आक्षेपकांच्या नव्हे तर सन्मानाच्या बाजूने उभा राहतो.

‘मुलाला काय कळते’ हा आक्षेप जुना आहे, आणि त्याच्या नावावर वैद्यकशास्त्राचा एक लाजिरवाणा अध्याय जमा आहे. १९८० च्या दशकापर्यंत पाश्चात्त्य देशांतल्या नामवंत रुग्णालयांतही नवजात बालकांवर पुरेशा वेदनाशामकाविना शस्त्रक्रिया केल्या जात; त्यांची मज्जासंस्था अपरिपक्व असल्याने त्यांना वेदना खऱ्या अर्थाने जाणवत नाही, असा समज त्यामागे होता. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन ऑक्सफर्डला गेलेले डॉ. कन्वलजीत सिंग आनंद आणि त्यांचे सहकारी यांनी १९८७ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अपुऱ्या दिवसांच्या बालकांच्या एका गटाला शस्त्रक्रियेच्या वेळी फेंटानिल हे प्रभावी वेदनाशामक दिले, आणि त्या गटात शरीरावरचा ताण व शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत दोन्ही कमी आढळली. म्हणजे जे कळत नाही असे मोठे छातीठोकपणे सांगत होते ते अर्भकाच्या शरीराला पुरेपूर कळत होते. कमतरता मुलाच्या जाणिवेत नव्हती, ती ओळखणाऱ्यांत होती. या शोधनिबंधाचे एक सहलेखक, बालरोगतज्ज्ञ अल आइन्सली-ग्रीन, पुढे २००५ मध्ये इंग्लंडचे पहिले बालआयुक्त झाले, ही गोष्ट मुलांच्या वेदनेचे शास्त्र आणि मुलांच्या आवाजाचे राजकारण यांना वेगळे ठेवू पाहणाऱ्यांनी लक्षात घ्यावी.

मोठ्या मुलांबाबतही असाच पुरावा आहे. अमेरिकी मानवशास्त्रज्ञ मायरा ब्लूबाँड-लँगनर यांनी रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या मुलांमध्ये राहून केलेला अभ्यास १९७८ मध्ये पुस्तकरूपाने आला. कोणी सांगितलेले नसतानाही या मुलांना आपला आजार आणि आपले मरण दोन्ही ठाऊक झालेले असते, आणि आईबापांना त्रास होऊ नये म्हणून तीच मुले अज्ञानाचे सोंग वठवत राहतात, असे त्यांना आढळले. ‘लेकराला काही सांगू नका’ असे डॉक्टरांच्या केबिनबाहेर हळू आवाजात बजावणाऱ्या मराठी नातेवाइकांना हे वाचून बरे वाटणार नाही. पण त्या मौनात मुलाचे रक्षण होत नाही, त्याला एकट्याने सगळे सोसावे लागते.

भारतीय नियमांतली विसंगती तर याहून विलक्षण आहे. संमती म्हणजे कायद्याने बंधनकारक ठरणारा जाणता होकार, आणि सहमती म्हणजे अज्ञान मुलाने, त्याला समजेल अशा भाषेत माहिती दिल्यावर, आपल्या परीने दिलेला होकार, असा फरक संशोधनाच्या नीतिशास्त्रात केला जातो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मुलांवर संशोधन करायचे असेल तर पालकांच्या संमतीबरोबरच सात ते बारा वर्षांच्या मुलाची तोंडी आणि त्यापुढील अठरापर्यंतच्या मुलाची लेखी सहमती घ्यावी लागते. तेच औषध उद्या बाजारात आले आणि तेच मूल उपचारासाठी त्याच वॉर्डात दाखल झाले, तर त्याला एका शब्दाने विचारण्याचे बंधन डॉक्टरांवर नाही. वैद्यकीय व्यवसायाच्या २००२ च्या नीतिनियमांत अज्ञान रुग्णाच्या शस्त्रक्रियेसाठी आईवडिलांची किंवा पालकाची लेखी संमती घ्यायला सांगितले आहे आणि विषय तिथेच संपतो. प्रयोगासाठी मुलाला समज आहे आणि उपचारासाठी नाही, असा निष्कर्ष ज्यांना मान्य असेल त्यांनी तो उघडपणे मांडावा.

पालकांच्या अधिकाराचा आक्षेप हा या सगळ्यांत सर्वांत प्रामाणिक भावनेतून येतो, आणि कायदाही सकृद्दर्शनी त्याच्या बाजूचा दिसतो. भारतीय न्याय संहितेचे २७ वे कलम, म्हणजे पूर्वीच्या दंडसंहितेचे ८९ वे, बारा वर्षांखालील मुलाच्या हितासाठी पालकाच्या संमतीने सद्भावनेने केलेल्या कृतीला संरक्षण देते आणि २८ वे कलम बारा वर्षांखालील मुलाची संमती सामान्यतः संमती मानत नाही. व्यवहारात मात्र रुग्णालये ही रेषा बारावरून थेट अठरावर नेऊन ठेवतात. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात, भुलीखाली असलेल्या सज्ञान मुलीच्या वतीने आईने दिलेली संमती ग्राह्य धरली नाही. अठरावा वाढदिवस उलटला की आईचा शब्दही पुरत नाही आणि त्याच्या आदल्या दिवशी मुलीच्या शब्दाची गरजच नसते, इतकी तीव्र उडी माणसाच्या वाढीत कुठेच आढळत नाही. ब्रिटनमध्ये १९८५ च्या गिलिक खटल्यापासून सोळा वर्षांखालील मुलाची प्रत्यक्ष समज पाहून त्याच्या संमतीचा विचार होतो. भारताने तोच मार्ग जसाच्या तसा उचलावा असे नाही, पण वयाखेरीज समज नावाचीही काही गोष्ट असते, हे तरी मान्य व्हायला हरकत नसावी.

आपल्याकडेही न्यायालयांनी हे अंशतः मान्य केले आहे. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्याने अशा प्रकरणाची खबर देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे, आणि त्या धास्तीने सोळा-सतरा वर्षांच्या मुली गर्भपातासाठी अधिकृत दवाखान्यात येण्याचे टाळतात. म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात असे स्पष्ट केले की, मुलीने आणि तिच्या पालकाने विनंती केल्यास डॉक्टरांनी खबर देताना तिचे नाव व ओळख उघड करण्याची गरज नाही. असा निकाल कागदावर राहतो की ओपीडीत उतरतो, हे दारात बसलेल्या परिचारिकेवर आणि समुपदेशकावर अवलंबून असते. त्यात आश्रमशाळेच्या बाबतीत पालकांचा मुद्दा मुळातच डळमळीत होतो, कारण ज्यांना मुलाचे सगळे कळते असे म्हटले जाते ते आईवडील पाड्यावर किंवा हंगामात द्राक्षबागांच्या कामावर असतात आणि मूल दवाखान्यात येते ते अधीक्षकाबरोबर. तिथे पालकांचा अधिकार कोणी हिरावून घेत नाही. ती जागा रिकामी असते आणि ती निदान ऐकणाऱ्या माणसाने भरावी, एवढाच प्रश्न असतो.

राहिला शाल-श्रीफळाचा आक्षेप, आणि त्यातला निम्मा भाग निःसंकोच मान्य केला पाहिजे. महाराष्ट्राच्या आरोग्य खात्याकडून डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या नावाने गौरव पुरस्कार दिला जातो, तो चांगले काम करणाऱ्या आरोग्य संस्थांना, म्हणजे केंद्रांना आणि रुग्णालयांना. आनंदीबाई चौदाव्या वर्षी आई झाल्या, त्यांचे मूल थोड्याच दिवसांत गेले, आणि त्या दुःखातून त्यांनी डॉक्टर होण्याचे ठरवले, असे त्यांचे चरित्र सांगते. आजच्या व्याख्येने त्या प्रसूतीच्या वेळी स्वतःच बालरुग्ण होत्या. त्यांच्या नावाच्या पुरस्कारात बालरुग्णाच्या अनुभवाला स्वतंत्र स्थान असावे, असे कोणाला सुचू नये याचे नवल वाटते. केंद्राने सप्टेंबर २०२१ मध्ये बालस्नेही सेवांसाठी ‘मुस्कान’ हा गुणवत्ता उपक्रम सुरू केला, पण त्याचे प्रमाणपत्रही संस्थेला मिळते. रुग्णांचा अभिप्राय घेणारी ‘मेरा अस्पताल’ ही यंत्रणा नोंदणीच्या वेळी दिलेल्या मोबाइल क्रमांकावर संपर्क साधते, आणि नऊ वर्षांच्या मुलाच्या केस पेपरवर क्रमांक असतो तो बापाचा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघरहून सुरू झाला; त्याची पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत जाऊन जन्मजात दोष, आजार, कमतरता आणि विकासातील विलंब तपासतात, आणि त्यांच्या कामाचा हिशेब तपासलेल्या व संदर्भित केलेल्या मुलांच्या आकड्यांत होतो. आशाताईला नवजात बालकाच्या घरभेटींचे २५० रुपये मिळतात, पण किशोरवयीन मुलीने विश्वासाने सांगितलेली गोष्ट तासभर ऐकण्याची ओळ मोबदल्याच्या दरपत्रकात नाही. ज्या कामाची कुठेच नोंद नाही ते काम कर्मचारी स्वभावाने करतो, आणि स्वभावावर चाललेले काम बदली झाली की थांबते.

तेव्हा सन्मान असावा, पण शाल-श्रीफळापुरता नसावा. त्याची नोंद सेवापुस्तकात किंवा, कंत्राटी कर्मचारी असल्यास, नेमणुकीच्या नूतनीकरणाच्या कागदांत झाली पाहिजे, कारण बाल स्वास्थ्य पथकांतली माणसे बहुतांशी कंत्राटी आहेत आणि मुलाच्या बाजूने वरिष्ठांशी बोलण्याची किंमत सर्वांत आधी त्यांनाच मोजावी लागते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे नामनिर्देशन मुलांनी केले पाहिजे. येथे सन्मानाच्या समर्थकांनीही सावध असावे: खाटेवर पडलेले मूल त्याच वॉर्डातल्या माणसासमोर ‘सिस्टर चांगल्या आहेत’ एवढेच म्हणणार, म्हणून त्याची साक्ष घरी किंवा शाळेत परतल्यावर, त्याच्या घरच्या बोलीत, रुग्णालयाशी संबंध नसलेल्या माणसाने घेतली पाहिजे, आणि त्याचे नाव वा छायाचित्र कुठेही छापले जाता कामा नये. पुरस्कार समारंभात आजारी मुलाला व्यासपीठावर उभे करण्याचा मोह ज्या संस्थेला आवरत नाही तिने या वाटेला जाऊच नये.

पुण्याच्या ‘साथी’ संस्थेच्या समन्वयाखाली २००७ पासून महाराष्ट्रात आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख झाली, गावकऱ्यांनी दवाखान्यांना गुण दिले, जनसुनवायांत अधिकाऱ्यांना जाब विचारला. रुग्णाची साक्ष पद्धतशीर गोळा करता येते, याचा पुरावा राज्याकडे आहे. तीच पद्धत मुलांपर्यंत नेण्याचे काम आरोग्य विज्ञान विद्यापीठाने अंगावर घ्यावे. वैद्यकीय अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद हा विषय २०१९ पासून शिकवला जात आहे. त्याची खरी परीक्षा पदवीनंतर खाटेशेजारी होते, आणि तिचे गुण मुलांनी द्यावेत. यासाठी नवा कायदा लागत नाही, केंद्राच्या निधीची वाट पाहावी लागत नाही. विद्यापीठाच्या व्यवस्थापन परिषदेचा एक ठराव आणि आदिवासी विकास आयुक्तालयाचे एक पत्र एवढ्यावर पहिली नामनिर्देशने याच जिल्ह्यातल्या आश्रमशाळांतून मागवता येतील.